उजवीकडचं दार

१

गल्लीत तिला सगळे दातवाली म्हणत. कवळ्या बनवणं हा तिचा धंदा. दाताचे डॉक्टर ठसे पाठवायचे, ती त्यावरून साचे ओतायची आणि कोणाच्या तरी बोळक्या तोंडात नीट बसतील असे दात घडवून परत पाठवायची. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. तो म्हणायचा, आपल्या घरात म्हातारपणाची सगळी सोय आहे, आता फक्त म्हातारं व्हायचं राहिलंय. तेवढंच त्याच्या नशिबी नव्हतं.

तिच्या धाकट्या भावाचं नाव पडलं होतं पायलट. आधी लोक कौतुकानं म्हणायचे, नंतर तोंड वाकडं करून. त्याच्याकडे दोन माणसं बसतील असं एक जुनं विमान होतं. शहराबाहेरच्या गवताळ मैदानावरून ते उडायचं. एकदा त्यानं मेहुण्याच्या मागे लकडा लावला, चला दाजी, वरून तुमचं घर दाखवतो. चष्मेवाल्याला स्टुलावर चढलं तरी गरगरायचं, पण कोणाला नाही म्हणणं त्याला जमायचं नाही. तो गेला.

तलावावर इंजिन बंद पडलं. विमान काठाजवळच्या पाण्यात आपटलं आणि नाकाकडून हळूहळू खाली जायला लागलं. पायलट डावीकडच्या दारानं बाहेर पडला. उजवीकडे बसलेल्याचे पाय चेपलेल्या पत्र्यात अडकले होते. माणसं धावून आली, त्यांनी छत कापून त्याला वर काढलं, पण तोवर सगळं संपलं होतं.

त्या दिवसाबद्दल पायलट बहिणीशी एकदाच बोलला. दवाखान्यातल्या पलंगावर, भिंतीकडे बघत.

"ताई, दाजींना काही कळलंच नाही. आपटल्याबरोबर त्यांची शुद्ध गेली. मी बाहेरून दार ओढत होतो, जीव खाऊन ओढत होतो. नाही हललं."

आईनं हे आल्यागेल्याला इतक्या वेळा सांगितलं की शेजारणींना ते पाठ झालं. काही कळलंच नाही हो जावईबापूंना, तेवढंच सुख. दातवाली मान हलवायची. डॉक्टरांच्या कागदावर छातीत पाणी गेल्याचं लिहिलं होतं, पण बेशुद्ध माणूसही श्वास घेतोच, हे तिनं स्वतःला समजावलं होतं.

२

वर्ष उलटल्यावर पायलट म्हणाला, विमान पुन्हा उभं करायचंय. मोडकं धूड त्यानं बहिणीच्या घरामागच्या शेडमध्ये आणून टाकलंही. पत्र्याचे जे भाग गेले होते ते कार्बन फायबरचे करायचे, हलके आणि पोलादाला लाजवणारे, असा त्याचा बेत होता. साचे बनवायला बहिणीसारखा हात दुसरा नाही, आणि हवा ओढणारा पंपही तिच्याच कामाच्या खोलीत. "दाजींनाही आवडलं असतं," असंही तो म्हणाला. नवऱ्याला काय आवडायचं हे तिला भाऊ सांगणार, यावर तिला बोलायचं होतं. 

आईनं भावाची बाजू घेतली. त्याचं मन कशात तरी रमू दे, तुझ्याशिवाय आहे कोण त्याला. दातवाली हो म्हणाली आणि गल्लीनं तिच्या मोठ्या मनाचे गोडवे गायले. मन काही मोठंबिठं नव्हतं. हात कामात गुंतले की जीभ सैल सुटते, हा तिचा आयुष्यभराचा अनुभव होता. भावाच्या तोंडून त्या दिवसाचं आणखी एखादं वाक्य निघेल, म्हणून तिनं शेडची किल्ली त्याच्या हातात दिली.

काम तिला लगेच उमगलं. साच्याला मेण घासायचं, काळं चकचकीत कापड बेतून कापायचं, रेझिन नावाचा वाळून टणक होणारा चीक कालवून तो कापडाच्या धाग्याधाग्यात मुरवायचा, थरावर थर द्यायचे. मग वरून प्लास्टिकची पिशवी चढवून कडा चिकटपट्टीनं बंद करायच्या आणि पंप लावायचा. आतली हवा निघाली की पिशवी सुरकुतत जाऊन साच्याला अशी चिकटायची, की बघणाऱ्याचाच श्वास अडकावा. दुसऱ्या दिवशी पिशवी फाडली की काळा, गुळगुळीत, टणक भाग हातात यायचा.

तपासणी सोपी होती. नाणं घेऊन सगळीकडे वाजवत जायचं. थर एकजीव असले तर टण् टण् असा खणखणीत आवाज येतो. आत कुठे पोकळी राहिली असेल तर तिथे आवाज मरतो, ठप् होतो. दातवालीचा कान तयार होता. ती वाजवायची, पायलट खडूनं खूण करायचा. नाकावरचं झाकण, चाकांवरची टोपरं, बसायच्या जागा, सगळं खणखणीत निघालं. भावाबहिणीत थोडंफार हसणंही परत आलं. मात्र त्या दिवसाचा विषय काही निघाला नाही.

मग दारं घ्यायची वेळ आली.

३

डावीकडचं दार पहिल्या झटक्यात जमलं. उजवीकडचं साच्यातून निघालं तेव्हा दिसायला त्याच्याहून देखणं होतं. दोन काळ्या कातड्या, मध्ये फोमची चादर, वर खिडकीची जागा. दातवालीनं ते टेबलावर पालथं घातलं आणि आतल्या बाजूनं नाणं वाजवायला घेतलं.

टण्, टण्, टण्. दार उघडायच्या मुठीच्या जरा वर, ठप्.

ती थांबली. नाणं थोडं सरकवलं. ठप्. आणखी बाजूला, टण्. पायलटनं खडू टेकवला. ती पोकळीची कड शोधत गेली, तो खुणा करत गेला. खुणा जोडल्यावर दोघंही खडूच्या त्या आकाराकडे बघत राहिले. खाली रुंद, वर पाच फाटे.

"हवा अडकली असणार," पायलट म्हणाला.

"हवा गोल अडकते," ती म्हणाली.

"मग तूच कापड दाबताना हात टेकवला असशील."

तिनं आपला हात त्या आकारावर ठेवला. तिच्या बोटांच्या पुढे खडूची रेघ पेरभर उरली. पायलटनं आपला हात पुढे केला नाही. त्यानं फडकं ओलं करून खडू पुसून टाकला आणि म्हणाला, दुसरं करू, कापड आहे अजून.

ती हात धुवायला मोरीवर गेली आणि विचार करत राहिली. साचा त्यांनी मूळच्या पत्र्याच्या दारावरून घेतला होता. त्या दारावर पोचे असतील, भरून घासले तरी राहिले असतील. पण मग खळगा पृष्ठभागावर दिसायला हवा. हे दार आरशासारखं गुळगुळीत होतं. जे काही होतं ते थरांच्या आत होतं, जिथे कोणाचा हात पोचत नाही.

४

दुसऱ्या वेळी तिनं जुन्या दाराचा आधारच घेतला नाही. डाव्या दाराची मापं उलटी करून लाकडाचा नवा ठोकळा घडवला आणि त्यावरून नवा साचा काढला. रेझिनचा नवा डबा फोडला. कापड दाबायला हाताऐवजी रूळ वापरला. आता चूक राहिली तर ती कुठून आली हे कळेल, असं तिचं गणित होतं.

पंप चालू होता तोवर शेडमध्ये दुसरं काही ऐकू येत नसे. दुपारी तिनं तो बंद केला आणि एकदम शांत झालं. पिशवी साच्याला चिकटलेलीच होती. ती वाकून कडा बघत होती, कुठे हवा शिरतेय का. पायलट शेडच्या दाराशी उभा राहून हात पुसत होता. तेवढ्यात आतल्या खोलीतून आईनं हाक मारली.

"अगं, कोणीतरी केव्हाचं दार बडवतंय. उघडा की."

आई दुपारी आडवी होताना कानातलं यंत्र काढून ठेवायची. त्याशिवाय तिला कुकरची शिट्टीही ऐकू यायची नाही. दातवाली आत गेली. यंत्र उशाशी डबीत होतं. तिनं घराचं पुढचं दार उघडून पाहिलं. रस्त्यावर एक सायकल टेकवलेली, ऊन, बाकी कोणी नाही. स्वप्न पडलं असेल, असं ती आईला म्हणाली. आई कूस बदलत पुटपुटली की स्वप्न नव्हे, हात दुखेल बिचाऱ्याचा.

ती शेडमध्ये परतली तेव्हा पायलट कोपऱ्यातल्या खोक्यावर बसला होता. आईला काय झालं, हे त्यानं विचारलं नाही. त्याचा चेहरा ओल्या प्लास्टरसारखा झाला होता.

ते दार निघालं तेव्हा पंजाची जागा खणखणीत वाजली. दातवालीचा जीव भांड्यात पडला. मग नाणं वर सरकलं आणि ठप् झालं. खडूनं दोन गोलसर, लांबट आकार उमटले, शेजारी शेजारी. मुठी आपटाव्यात तसे. त्यांच्या बाजूला कोपराएवढा एक. सगळे पहिल्या पंजाच्या वर, खिडकीच्या अलीकडे.

पायलट म्हणाला की हे भरून घेता येतं, बारीक भोक पाडून सुईनं रेझिन सोडायचं, सगळे तसंच करतात. खुणांकडे तो बघतच नव्हता.

"वर का सरकलं रे?" तिनं विचारलं.

"काय?"

"पोकळी. आधी खाली होती. आता वर आली."

तो म्हणाला की वेगळा साचा, वेगळी चूक, त्यात काय एवढं. त्याचा आवाज अगदी सरळ होता. पण त्या सरळ आवाजाखाली त्याचा उजवा पाय थडथड उडत होता, आणि त्याला ते माहीत नव्हतं.

५

पुढचं दार तिनं एकटीनं केलं. पायलटला ताप आला होता, किंवा तसं तो म्हणाला होता. त्या दारात पोकळ्या खिडकीच्या चौकटीलगत होत्या. बोटांच्या पेरांएवढ्या, ओळीनं, चौकटीला धरून लोंबकळावं तशा. त्याच्या पुढच्यात आणखी वर गेल्या, अगदी छताला भिडणाऱ्या कडेपाशी. तिथे एक मोठा, उभट आकार होता. तो कशाचा, हे तिला खडू फिरवताना कळेना. मग तिनं मान तिरकी केली, आपला गाल त्या कडेला लावून पाहिला, आणि तशीच थोडा वेळ राहिली. पाणी वर चढत असेल तर माणूस तोंड इथेच आणील. श्वासापुरती जागा इथेच उरते.

मोरीवर जाऊन तिनं गालावरचा खडू धुतला. मग परत येऊन तिनं नवं कापड कापायला घेतलं.

शहाण्या बाईनं हे थांबवलं असतं. ती स्वतःलाच हे सांगत होती. रेझिनचा वास डोक्यात जातो, कान फसवतात, रांगोळीच्या ठिपक्यांत तोंडं दिसतात तसलंच हे. पण रेझिनचा वास असा पायरी पायरीनं वर चढत नाही. आणि आता तिला हवं होतं ते दार नव्हतंच. नवऱ्याला कळलं होतं का, हे तिला समजलं होतं. किती वेळ कळत होतं, तेवढं जाणून घ्यायचं होतं.

आईनं एकदा जेवताना तिचे हात धरून विचारलं की झालंय काय तुला, तव्यासारखी काळी पडलीयेस. ती म्हणाली, कार्बनची धूळ आहे, निघत नाही.

६

शेवटचं दार निघालं तेव्हा पायलट आला होता. तिनं खालच्या कडेपासून नाणं वाजवायला सुरुवात केली. मुठीजवळ टण्. मधे टण्. खिडकीलगत, चौकटीवर, वरच्या कडेला, सगळीकडे टण् टण् टण्. संबंध दारात एकही मेलेली जागा नव्हती. पायलटनं हसून तिच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, बघ, म्हटलं होतं ना, हात बसायला वेळ लागतो. त्याच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी आलं.

दातवाली मटकन खाली बसली. भावाला वाटलं, आनंदानं.

पंजा, मुठी, बोटं, गाल. आणि आता काहीच नाही. इतक्या दारांमधलं हेच एक बघवत नव्हतं.

पायलट बिजागऱ्या शोधायला गेला. ती उठली आणि भिंतीला टेकवलेली, आधी केलेली दारं तिनं एकेक करून टेबलावर घेतली. तिच्या आतापर्यंत लक्षातच आलं नव्हतं की प्रत्येक दाराची आतली बाजूच तिनं वाजवली होती. बाहेरची कातडी तिनं तपासलीच नव्हती. जिथून कोणी दार ओढतं, मूठ पिरगाळतं, खांदा लावतं, ती बाजू.

तिनं सगळी दारं वाजवली. कडेनं, मुठीभोवती, खिडकीखाली. पुन्हा वाजवली, कारण एवढंच तिला भावाच्या बाजूनं हवं होतं. एखादं बोट तरी. एखादा ओरखडा.

शेड टण् टण् आवाजानं भरून गेली. बाहेरची बाजू सगळीकडे खणखणीत होती. बाहेरून त्या दाराला कोणी शिवलंच नव्हतं.

पायलट बिजागऱ्या घेऊन शेडच्या दारात उभा होता. किती वेळ, कोण जाणे. दोघांची नजरानजर झाली. तिनं नाणं टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "दे इकडे. मी बसवते."

तिनं ते स्वच्छ दार उजवीकडे बसवलं. इतकं चपखल बसलं की चौकट आणि दार यांच्या मधून केससुद्धा जाऊ नये.

७

मैदानावर नेऊन विमान आधी नुसतं जमिनीवर पळवून बघायचं होतं. लख्ख ऊन होतं, गवत नुकतंच कापलेलं. पायलटनं बहिणीला शेजारी बसायचा आग्रह केला आणि ती नाही म्हणाली, तेव्हा त्याला बरं वाटल्यासारखं दिसलं. ती कुंपणाजवळ उभी राहिली. इंजिन सुरू झालं, विमान उड्या मारत मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेलं, वळलं, तिच्याकडे उजवी बाजू करून थांबलं. इंजिन बंद झालं.

तिला वाटलं, आता तो उतरेल, काहीतरी सैल झालं असेल, खाली वाकून बघेल. तो उतरला नाही.

वारा तिच्या दिशेनं होता. आधी तिला वाटलं की कुठेतरी कोणी सतरंजी झटकतंय. बोथट, ओला आवाज, उघड्या तळव्याचा. थांबत होता, पुन्हा येत होता, आणि दर वेळी त्यात घाई वाढत होती.

ती निघाली. पळत नाही, चालत. जवळ जाता जाता उजव्या खिडकीवर उन्हाची तिरीप चमकली आणि तिरीप सरकल्यावर काचेला आतून काहीतरी चिकटलेलं दिसलं. पांढरं, चपटं. काचेवर हात दाबून धरला की त्यातलं रक्त मागे सरून तो जसा पांढरा पडतो, तसं. तिनं पापणी मिटली आणि उघडली. काचेत आकाश होतं.

तिनं मूठ फिरवली. दार उघडलं, अगदी सहज, लोण्यातून सुरी जावी तसं. उजवी जागा रिकामी होती. कोरडी होती. पट्टा लावलेला होता, रिकाम्या जागेवर घट्ट आवळलेला.

पायलट डावीकडे ताठ बसला होता. त्याचे डोळे सताड उघडे होते, समोर बघत होते. दोन्ही हात त्यानं कानांवर दाबून धरले होते, कोपरं बाहेर, बोटं केसांत रुतलेली. नवखा माणूस असे कान झाकत नाही. असं कुठेतरी उभं राहून, आधी एकदा पुष्कळ वेळ झाकलेले असावे लागतात.

एवढं बघितल्यावर विचारायचं काही उरलं नाही. तिनं पट्टा सोडवला, आत चढली, नवऱ्याच्या जागेवर बसली आणि दार ओढून घेतलं. मग तिनं भावाचे हात कानांवरून काढले. एक काढला, दुसरा काढला. तो लहान मुलासारखा आखडून धरत होता, पण कवळ्या दाबून दाबून तिच्या बोटांत पकडीचा जोर आला होता.

"ताई, नको," तो म्हणाला.

"ऐक," ती म्हणाली. "मीपण ऐकते."

ती कान लावून बसली. तिला गवतावरचा वारा ऐकू आला, तापलेलं इंजिन निवताना होणारी टिकटिक ऐकू आली, भावाचा श्वास ऐकू आला. दारावर काहीच वाजत नव्हतं. तिच्या खांद्याला लागून असलेलं दार गप्प होतं. एवढंसुद्धा तिच्या वाट्याला येणार नव्हतं, हे तिला कळलं तेव्हा तिनं ओठ घट्ट मिटले.

पण तिच्या मुठीत भावाचे हात दचकत होते. दचकायचे, थांबायचे, पुन्हा दचकायचे, प्रत्येक वेळी आधीपेक्षा जोरात. तो रडत नव्हता, सुटायचं बघत नव्हता. ती ते हात मांडीवर घट्ट धरून समोर बघत बसली.

ते दचकणं थांबायला फार वेळ लागला.